बावन्न तेत्री

झेस्ताफोनीच्या कारखान्याने तिसरी भट्टी विझवली
त्याच आठवड्यात अवतांदिल एक नळकांडं घेऊन घरी आला.
स्टेशनसमोरचं कॅफे बुडालं होतं.
मालकाने खुर्च्या विकल्या, कपबशा विकल्या,
हे तेवढं कोपऱ्यात उरलं: करडं, जड,
पोटात वायू, गळ्याशी गंज.
"चाळीस लारी फक्त," तो म्हणाला,
दुभती गाय स्वस्तात मिळाल्यासारखा.

मी काही बोलले नाही.
माझ्या न बोलण्याचा अर्थ
एकतीस वर्षांत त्याला कळला नसेल असं नाही.

तीन दिवस अंगणात ठोकाठोक.
बाटलीच्या झाकणाला भोक,
भोकात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह.
नळी मात्र नवी आणली, तिथे काटकसर केली नाही.
साबणाचं पाणी लावून एकेक सांधा तपासला,
तापलेल्या पोराची छाती ऐकावी तसा, कान टेकवून.

पहिल्या दिवशी पाक आधी घातला आणि वायू नंतर.
पाक थेट छताला.
तो हिरवट डाग अजून आहे,
पाहुणे विचारतात, मी ओल म्हणून सांगते.

आता जमतं.
पाणी साधं, रात्रभर फ्रिजमध्ये गारठलेलं.
गार पाणी वायू धरून ठेवतं, कोमट उधळून टाकतं
(हे त्याने मला शिकवलं,
ज्याच्या आंघोळीचं पाणी मी जन्मभर तापवलं).
बाटली दाबून आतली हवा आधी काढायची,
झाकण, चावी, मग खळखळ हलवायची
बाटली दगडासारखी टणक होईपर्यंत.
पाक सर्वांत शेवटी, कडेकडेने, हळू.

पाक माझा.
बाजारात मझियाकडे तारखुनाची जुडी ऐंशी तेत्रीला,
संध्याकाळी कोमेजलेली घेतली तर पन्नासला.
साखरेबरोबर खलबत्त्यात कुटते,
घरभर बडीशेपेसारखा वास, पण हिरवा, कडवट.
शेजारच्यांची पडकी नाशपातीही चालते,
किडका भाग कापून.

नात नुत्सा म्हणाली, "दुकानातलं पोपटी असतं.
हे तर शेवाळ्याचं पाणी."
आणि दोन पेले प्यायली.
ढेकर आली ती नाकातून, डोळ्यांत पाणी,
मग तिसरा.

वहीत लिहून ठेवलंय:
साखर, पाला, लिंबू, वायू.
लिटरला बावन्न तेत्री.
दुकानात दोन लारी वीस.
अवतांदिल खांद्यावरून वाकून बघतो.
"मजुरी धरलीस?"
"कुणाची?"
तो चष्मा पुसत बसला, बराच वेळ.

रविवारी बेकाचा फोन आला पोलंडहून.
तो तिथे कोंबड्या खोक्यांत भरतो,
दोन जोड हातमोजे घालून, तरी बोटं बधिर.
"आई, बाबा कुठेत?"
अंगणात चावी उघडली होती,
नळीतून फुस्स, फुस्स, लांबलचक.
"कामावर," मी म्हटलं.
"रविवारी?"
"भट्टीला रविवार असतो का रे?"
"मग मागे कसला आवाज येतोय?"

अवतांदिलने चावी बंद केली.
पण नळीत अडकलेला वायू
बंद केल्यावरही थोडा वेळ येतच राहतो,
त्याचं त्याला काही करता येत नाही.
तो उभा राहिला, हातात बाटली, माझ्याकडे बघत.

"कुकर आहे," मी म्हटलं.
बेका म्हणाला, "बरं."
त्या 'बरं'मध्ये काय होतं
ते मी अजून वहीत लिहिलेलं नाही.

फोन ठेवल्यावर त्याने मला अर्धा पेला दिला.
एवढा दाब, की पहिल्या घोटाला जीभ चुरचुरली.
"जास्त झालाय," मी म्हटलं.
"सोडू का थोडा?"

"राहू दे," मी म्हटलं. "उघडी ठेव नुसती.
रात्रीपर्यंत जाईल आपोआप."