पावणेपाच

आमच्या देवघराच्या कोनाड्यात राउटर आहे.
कोपरखैरण्याच्या त्या बैठ्या घरात रेंज तिथूनच नीट पसरते,
आणि देव तर मी सातवीत असतानाच
वडिलांनी पिशवीत घालून आत्याकडे पोचवले.
आई अजून दर गुरुवारी कोनाडा पुसते.
हिरवा दिवा लुकलुकतो,
तेवढ्यावर भागवते.

रात्री दहाला आम्ही तिघं विमानातून उडी मारतो
कुठल्याशा बेटावर.
परमेश दिवाळे गावातून.
क्रेट उघडण्याआधी गावदेवीला नारळ बोलतो,
एकवीस नारळ थकलेत त्याचे,
आणि हाती लागली ती एक पिवळी टोपी.

तंझील मुंब्र्याहून, कौशातून.
त्याच्या-माझ्या मधे पारसिकचा डोंगर.
तीन वर्षं झाली, तोंड पाहिलेलं नाही.
आवाज मात्र डोंगराला न विचारता येतो-जातो.

वाद व्हायचे, दोन मॅचच्या मधल्या दीड मिनिटात.
मी म्हणायचे, मेल्यावर काही नसतं,
लॉबीसुद्धा नसते.
तो म्हणायचा, मग मला उचलायला
एवढ्या गोळ्यांतून धावत का आलीस?
रँक पडेल म्हणून, मी म्हणायचे.
परमेश ओरडायचा, मागे बघा, झोन आला, झोन!

गेल्या रमजानात तंझील म्हणाला,
अम्मी बहिणीच्या बाळंतपणाला महाडला गेलीय,
माझी झोप म्हणजे धोंडा.
तुझी तर सहाची पाळी, उठतेसच ना तू?

तर अशी मी, न मानणारी,
मुअज्जिनाच्याही आधी
पावणेपाचला कॉल लावू लागले.
ऊठ रे. पाणी पी. काहीतरी खा, वेळ जाईल.
पलीकडे नळ, भांडं, एक खोकला,
मग : उठलो.
सहरीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं.
आईनं विचारलं, हे काय? म्हटलं, ड्यूटी.
एकदा मलाच जाग आली नाही
तर तिनं खांद्याला धरून हलवलं,
अगं ऊठ, त्या पोराचं राहील.

सत्ताविसाव्या रात्री अख्खा कौसा मशिदीत
आणि हा लॉबीत, एकटा.
मी म्हटलं, आज इथे कसा?
बराच वेळ माइकमधून नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला, मी यंदा एकही रोजा धरलेला नाही.
गेल्या वर्षीही नाही.
ठरवून सोडलं असं काही नाही गं,
एखादा गेम आपण डिलीट करत नाही,
नुसता उघडायचा राहून जातो,
तसं.

मग मला कशाला राबवलंस?

तू म्हणायचीस, पाणी पी. मी प्यायचो.
मग खिडकीत बसायचो.
समोरच्या सगळ्या इमारतीत दिवे लागलेले असायचे,
माझाही असायचा.

मी चिडले. बरंच बोलले.
खरं तर मला आनंद व्हायला हवा होता,
एक गडी आपल्या बाजूला आला म्हणून.
तो काही झाला नाही.
आमच्या भांडणात त्याची बाजू रिकामी पडली होती
आणि मी एकटीच
भिंतीवर चेंडू मारत बसल्यासारखी.

परमेशला सांगू नको, तो म्हणाला.
का?
माझ्या नोकरीसाठी नारळ बोललाय तो. बाविसावा.

उरलेल्या तीन पहाटे मी फोन केला.
ऊठ रे, पाणी पी.
तो प्रत्येक वेळी आधीच उठलेला.
आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.

ईदच्या पहाटे कॉल करायचं कारण नव्हतं.
तरी पावणेपाचला डोळे उघडले.
आई झोपलेली. कोनाड्यात दिवा लुकलुकत होता.
अंधारात मी फोन पाहिला :
त्याच्या नावापुढे
हिरवा ठिपका.