तिसरा

वेताची काठी अठ्ठावीस इंचांची,
खोली तिच्याहून जराशीच मोठी.
पलंग भिंतीला उभा केलाय.
एकदा दिवा फुटला, तेव्हापासून
गुडघे वाकवूनच मारतो.

उनो. दोस. त्रेस.
समोर कुणी नाही. तुळईला उशी टांगलीय,
माझ्याच उंचीवर.
डावा हात छातीशी, रिकामा.
ह्यालाच इथे जिवंत हात म्हणतात.
काय धरायचं, ते त्याला अजून उमगलेलं नाही.

खालून नांग तेरिया
केरसुणीच्या दांड्याने फळ्या ठोकते.
मी मोजे घातले, पावलं चोरली,
तरी ठोकतेच.

काल अर्ध्या सेबूची वीज गेली.
जिन्यात ती भेटली, मेणबत्ती घेऊन.
मी माफीचं तोंड करतोय तोच म्हणाली,
"आवाजाचं काही नाही रे.
तुझा तिसरा उशिरा पडतो.
आमचे हेसुद्धा तिथेच मार खायचे."
आणि मेण बोटावर ओघळलं म्हणून
मेणबत्तीलाच शिवी दिली.

आज पुन्हा.
उनो, दोस,
आणि खाली कान लावण्याच्या नादात
तिसरा परत उशिरा.

ठक.