कलम पाच-अ

मागल्या खेपेला सगळं लिहिलं होतं मी.
तिवरं, तिसऱ्या, गाळ, उधाणाच्या वेळा,
तीनशे बारा पानं, परिशिष्ट ‘ऊ’पर्यंत,
वर खाडीचा निळा फोटो.
अहवाल कपाटात राहिला, कोरडा.
ड्रेजर पाण्यात राहिला.

ड्रेजरच्या केबिनमध्ये काचेला चिकटवलेला
एकच कागद असतो, प्लॅस्टिकमध्ये बंद.
बारा पायऱ्या.
डिझेल बघा. तेल बघा. दोर बघा. दिवा लावा.
हॉर्न द्या. यंत्र सुरू करा.
पंचानन तेवढंच वाचतो.
आठ महिने घर न पाहिलेल्या माणसानं
आणखी काय वाचावं?
त्या बारांमध्ये खाडी कुठेच नव्हती.

चैत्रात शरीफा होडेकर कचेरीत आली.
टोपली टेबलावर ठेवली.
मूठभर तिसऱ्या, न उकडताच उघडलेल्या,
आत राखाडी गाळ, चमच्यानं भरल्यासारखा.
मी तिला परिशिष्ट दाखवू लागले,
पान दोनशे चाळीस, बघा, इथं स्पष्ट लिहिलंय.
तिनं टोपलीतून गळलेलं पाणी ओढणीनं पुसलं
आणि गेली.

यंदा कातळी बंदराचं काम आलं
तेव्हा मी आधी त्या एका कागदाला हात घातला.

आमच्याकडे कलम म्हणजे दोन गोष्टी.
एक फाईलला टाचता येतं.
दुसरं जानू घाडी बांधायचा, आमच्या परसात,
तोंडात सुतळी धरून:
‘काडी खुंटाशेजारी ठेवून काय होणा नाय, बाय.
खुंट चिरूक व्हयो.
सालीक साल भिडाक व्हयी.’
मग पट्टी, घट्ट,
आणि दीड महिना रोज जाऊन नुसतं बघायचं.

हॉर्न द्या आणि यंत्र सुरू करा
यांच्यामध्ये मी चीर दिली.

तिथं काय बसवायचं ते शरीफानं सांगितलं.
‘मांडीभर पाण्यात पायाची नखं दिसली पाहिजेत.
नाय दिसली तर आम्ही हात घालत नाय.’
बेहेरे साहेबांनी मसुदा वाचला, विचारलं,
याचं एकक काय?
नखं, म्हटलं.
ते हसले.
मग मी खोडत नाही हे बघून हसायचे थांबले.

अखेर तिच्याच घरची इनॅमलची ताटली,
पांढरी, एका कडेला टवका उडालेली,
दोरी बांधून केबिनबाहेर टांगली.
पाच-अ. ताटली पाण्यात सोडा.
दोन हातांच्या आत दिसेनाशी झाली तर यंत्र बंद.
कुणाला विचारायचं नाही.

या शेवटच्या ओळीसाठी तीन बैठका झाल्या.
ड्रेजरचं तासाचं भाडं मला तोंडपाठ झालं.
कुणी म्हणालं, ही ओळ परिशिष्टात घेऊ, सविस्तर.
मी पाणी प्यायले आणि गप्प बसले,
आणि ती ओळ तिथेच राहिली,
का राहिली ते मला अजून नीट कळलेलं नाही.
बहुधा सगळ्यांना जेवायला जायचं होतं.

परवा अष्टमीच्या रात्री दोन वाजता फोन.
पंचाननची हिंदी, माझी हिंदी,
मागे इंजिनाचा आवाज नाही.
ताटली दिसत नाही, म्हणाला. बंद केलंय.
मग जरा थांबून,
आता पुढे काय करायचं?

पुढे काय ते मी लिहिलंच नव्हतं.

शरीफाच्या दिराला उठवलं. त्यानं शिव्या देत होडी काढली.
ड्रेजरवर पंचानन दिव्याखाली उकिडवा,
दोरी मुठीत, गरवणाऱ्यासारखा.
मी शेजारी बसले.
सोडायची, ओढायची, सोडायची.
बिस्किटं होती त्याच्याकडे, मऊ पडलेली.
कागदावर पाच-ब ला जागा कुठून काढायची
याचा विचार करत होते मी
आणि मागच्या बाजूला लिहायचं नाही, एवढंच ठरत होतं.

साडेचारच्या सुमाराला
दोन हातांवर काहीतरी फिकट हललं.
आधी पांढरं.
मग, बऱ्याच वेळानं,
कडेचा काळा टवका.