आधी दिवा मालव

कुपवाड एमआयडीसी, गाळा नंबर सत्तावीस,
रात्रीचे अडीच.
टेबलावर वजनकाट्याचा बोर्ड, पोट उघडं टाकून.
मार्केट यार्डातून परत आलाय,
यूएसबीच्या तोंडात हळदीची पिवळी भुकटी.
तक्रार एका ओळीची :
बेचाळीस पोती चढली, नोंद एक्केचाळीसची.

हमाल मोजण्यात चुकत नाही.
अडत्या तर नाहीच नाही.
म्हणजे चूक माझी. ड्रायव्हर मी लिहिलाय.

मुजावर इंटरप्टच्या तारेला ऑसिलोस्कोपचा चिमटा लावतो.
'रेघ खाली येतीय की,' म्हणतो,
'काटा हाक मारतोय. तुझ्यातच कोण ऐकंना झालंय.'

मी हँडलर परत वाचते. सव्वीस ओळी.
हाक आली की प्रोसेसरनं हातातलं टाकायचं,
कुठवर आलो होतो त्याची खूण ठेवायची,
स्टेटस रजिस्टरात बघायचं, हाक कुणाची.
एकाच तारेवर टचस्क्रीनही टांगलाय.
आपली नसेल तर 'माझी नाही' म्हणून बाजूला व्हायचं.
आपली असेल तर आलेलं वजन उचलून रांगेत ठेवायचं,
बेरजा नंतर, निवांत.
शेवटी बिट पुसायचा
आणि निघायचं.
सगळं बरोबर आहे.
अकरा दिवस मी बघतेय, सगळं बरोबर आहे.

आई मिरजेत एका दवाखान्यात आया होती. कायम रात्रपाळी.
वॉर्डात चौदा खाटा,
दारावर मात्र लाल दिवा एकच.
कुणीही बटण दाबलं की तो लागायचा,
आणि एकदा लागला की
दुसऱ्यानं कितीही दाबा,
तो जास्त लाल व्हायचा नाही.

नव्या पोरींना ती सांगायची,
आत पळू नका. आधी दिवा मालवा, मग खाटांकडं जा.
'विझवा' म्हणायची नाही कधी.
पोरी हसायच्या : काम व्हायच्या आधीच कसा मालवायचा, अक्का?
त्यावर ती गप्प.

मला एकदाच सांगितलं, भांडी घासताना, पाठमोरी.
'तीन नंबरला पाणी पाजलं. आले, दिवा मालवला, बसले.
मधल्या वेळात नऊ नंबरनं दाबलं होतं.'
मग तिनं नळ मोठा केला.

चहावर साय धरलीय.
मी पंचविसावी ओळ उचलते
आणि वर नेऊन ठेवते, वजनाला हात लावायच्या आधी.
आता मधेच कुणी हाक मारली
तर बिट पुन्हा उभा राहील, मी पुन्हा येईन.
पुसला म्हणून लगेच पोचतही नाही,
लिहिलेलं वाटेत बसवर रेंगाळतं,
म्हणून तेच रजिस्टर एकदा परत वाचून घेते.

मुजावर पाच किलोचं माप काट्यावर ठेवतो, उचलतो, ठेवतो,
मधे मुद्दाम घाई करतो, अडत्यासारखी.
एक्केचाळीस. बेचाळीस.
तीनशेवर त्याचा खांदा भरून येतो,
आकडा कुठंच गळत नाही.
बाहेर पहिल्या पाळीचे भोंगे.

उद्या कुणी विचारेल, ही ओळ एवढी वर का.
म्हणून शेजारी टीप लिहिते :
हलवू नये. नऊ नंबर.

मुजावर खांद्यावरून वाचतो.
'नऊ कुठला गं? आपली पोर्टं तर चारच.'

मी कप उचलते,
धुवायला जाते.