उजवीकडचं स्टिअरिंग

ऐरोली, सेक्टर आठ. रात्रीचे साडेदहा.
जेवणाचं टेबल पुसून त्यावर रद्दी अंथरली
की घराचं गॅरेज होतं.

खोक्यावर लिहिलंय : ब्युइक, एकास चोवीस, एकशे बारा भाग.
प्लास्टिकच्या चौकटीला ते लटकलेत
वेलीवरच्या वालपापडीसारखे.
एकेक खुडायचा, देठाची खूण घासून काढायची.
हत्यारं लॅबमधलीच.
दिवसभर रबाळ्यात मी लोकांचे दात घडवते;
मेणाची सुरी, दाढेच्या खाचेत फिरणारी सुई
बोथट झाली की तिथे टाकून देतात,
मी पर्समध्ये टाकते.
ओल्या पॉलिशपेपरने मडगार्डचा गोलावा घासताना
बोटांना वाटतं, कुणाच्या तरी सुळ्याची कॅप आहे.

नाना खुर्चीत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.
ओंजळीत बॉडी घेऊन त्यांनी आतून अंगठा फिरवला.
"चाक चुकीच्या बाजूला आहे."
चाक म्हणजे स्टिअरिंग.
"परदेशी किट आहे नाना, तिकडे डावीकडेच असतं."
"असेल तिकडे.
मी एकोणीस वर्षं उजवीकडे बसलो."

मग काय.
डॅशबोर्डचे तीन तुकडे केले,
कडेचे दोन अदलाबदल करून चिकटवले, फटीत लांबी भरली.
क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, तांदळाच्या कणीएवढे,
चिमट्याने या बाजूचे त्या बाजूला नेले.
ब्रेक उडाला, तो तिसऱ्या दिवशी सापडला
फ्रीजखाली, मोहरीच्या दाण्याशेजारी.
तोवर नाना रोज विचारायचे, "ब्रेक लागला का?"

खोक्यावरची गाडी काळी.
"काळी नव्हती," नाना म्हणाले.
"मग कसली?"
"बांगड्याच्या पाठीची."
रविवारी दिवागावातून बांगडे आणले,
एक ताटलीत ठेवून त्याच्याशेजारी रंग कालवला :
निळा, काळा, सुईच्या टोकाने हिरवा.
जुळत आला, तर बांगडाच सुकत गेला.
पाणी शिंपडलं. पुन्हा कालवला.
"ओल्या बांगड्याचा," नाना म्हणाले, "धुतल्यावर दिसायची तो."
धुवायचं कोण, ते मी विचारलं नाही.

पहिल्या हातावर साय धरली, खाडीची हवा खोलीत होती.
सगळा रंग खरवडला.
दुसरा हात दुपारी, खिडक्या लावून,
आणि धूळ बसू नये म्हणून वर पातेलं पालथं.
ते वाळेपर्यंत नाना बोलत राहिले.
मागे केकी शेठ, पुढे ते.
आधीच्या ड्रायव्हरचं नाव बाबू,
म्हणून दामोदर तांडेलही एकोणीस वर्षं बाबूच.
संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी, काचा वर.
मागच्या सीटला डावीकडे सिगारेटचं भोक होतं.
धाकट्या शेठने पाडलेलं.
"पगारातून कापले," नाना म्हणाले, आणि पुढे,
बऱ्याच वेळाने,
"पोरगा होता. घाबरला होता."

मी सुई गॅसवर तापवली.
मागची सीट, डावी बाजू, एक टोचा.
भिंगाशिवाय दिसायचं नाही कुणाला.
नानांना तर नाहीच.

पातेलं उचललं तेव्हा त्यांनी आधी वास घेतला,
मग नखाने दाराची रेघ शोधली.
"उघडत नाही?"
"नाही. या किटची दारं बंदच असतात."
नाना हसले तशी कवळी हलली,
मीच केलेली, अजून थोडी घासायला हवी.
"बेस झालं," म्हणाले,
"म्हणजे उतरून मागचं दार धरायला नको."

आणि टीव्हीखालच्या फळीवर
दोन बोटांनी गाडी मागे मागे घेत नेली,
तोंड घराच्या दाराकडे,
स्वतःच स्वतःला सांगत :
येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे...
बस्स.