गाडी वापरात ठेवा

रात्री त्याचं नाव घेऊ नये,
म्हणून हेरंब म्हणाला, "तुझ्या गाडीत जनावर आहे. लांब."
आणि मी आधी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.
का, ते अजून कळलेलं नाही.

कारेलीबाग, ब्लॉक सी, तळमजला.
मागच्या भिंतीपलीकडे वेड्या बाभळी,
त्यांच्यापलीकडे खोल उतरत गेलेली विश्वामित्री.
गाडी आसोपालवाखाली, कव्हर घालून, नऊ महिने.
उत्तरायणाचा मांजा अजून फांद्यांतून लोंबत होता,
तेव्हा वाटलं, त्याचंच गुंतवळ
हेडलाइटच्या फटीतून बाहेर आलंय.
मग मांजाने जीभ काढली.

वॉचमन रणछोड काठी घेऊन धावला
आणि गाडीपासून चांगला दहा हात लांब
भुई धोपटू लागला, म्हणीत सांगितल्याप्रमाणे.
गॅलऱ्यांतून सूचना पडू लागल्या:
फिनाइल. रॉकेल. डांबरगोळ्या.
हँडलला मोरपीस बांधा.
"अंड्याची टरफलं ठेवा," पंड्याभाई म्हणाले,
आणि लगेच, "म्हणजे, ऐकलंय."

माझ्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटमागे
तीन मोरपिसं आहेत.
त्यांच्या आडोशाला पाल राहते, सुखाने.
ती चुकचुकली की मी ओट्यावर बोट आपटते,
कृष्ण कृष्ण म्हणते, आणि पोळी उलटते.

पाऊण तासाने झंखना परमार आली.
बावीस-तेवीसची, पायात गमबूट,
हुक, उशीचा अभ्रा, स्क्रू-ड्रायव्हर.
"बेन, उजेड धरा."
मी मोबाइल धरला. उजेड थरथरला.
ती काही बोलली नाही,
फक्त माझं मनगट दोन बोटांनी जरा वर केलं.

चार स्क्रू. पुढचं पत्र्याचं पोट उघडलं.
आधी निघाला काथ्या, कुणा खारीने कोंबलेला,
मग पालीच्या अंड्यांची फुटकी कवचं, पांढरी, वाटाण्याएवढी,
मग हॉर्नच्या वायरीला वेढे घातलेला तो.
गर्दी मागे सरली. कुणीतरी "मण्यार!" म्हणालं.
"कवड्या," ती म्हणाली. "विष नाही.
मण्याराचे पट्टे शेपटीकडे ठळक,
याचे मानेपासून सुरू, शेपटीकडे पुसट.
पण तुम्ही मोजायला जाऊ नका."
दिव्याला किडे, किड्यांना पाली,
पालींच्या मागे हा.
सगळे आपापल्या कामाला आले होते.

"किती दिवस बंद आहे?"
"नऊ महिने."
हेरंब झाडातल्या मांज्याकडे बघू लागला.
फतेहगंजच्या पुलाखालची खडी मी तिला सांगितली नाही,
किंवा ट्रकचं ते चाक, जे थांबलं तेव्हा
त्याचे नट मोजता आले. आठ.
एकाला हिरवा रंग होता.

"बंद गाडी म्हणजे त्यांना घरच.
कव्हर काढा. वापरात ठेवा."
पैसे घेतले नाहीत, पाणी प्यायली,
आणि अभ्रा हँडलला अडकवून,
मेथीची जुडी न्यावी तसा, नदीच्या बाजूला गेली.

सकाळी कव्हर काढलं.
सीटवर तीनदा बोट आपटलं: कृष्ण कृष्ण.
कुणी असेल आत तर निघावं.
एकोणिसाव्या किकला ती खोकली, मग धरली.
मी सोसायटीच्या गेटपर्यंत गेले,
पाय दोन्ही बाजूंना जमिनीवर घासत, आणि परत.

"सरड्याची धाव…" हेरंब म्हणाला, आणि जीभ चावली.
म्हटलं, म्हण पुरी कर.
सरडा रोज धावत असणार,
म्हण करणाऱ्याने एकच दिवस पाहिला.

गाडी उन्हात लावली.
आसोपालवाखाली तिच्या मापाचा एक तुकडा उरलाय,
धूळ न बसलेला.
रणछोड तिथे खुर्ची टाकून बसतो,
काठी मांडीवर, बिडी विझलेली.