तिरकी रेघ

ट्रुम्सोच्या त्या तळघरात आम्ही सातजण होतो,
त्यातल्या तिघांचं नाव एकच,
उरलेल्यांच्या दाढ्या एकसारख्या.
बाहेर दोन महिने सूर्य उगवत नसे,
आत पडदे रात्रभर उजळ,
आणि आम्ही राखणदार.
कोण सरळ आत येतंय, कोण ध चा मा करून,
यावर डोळ्यांत तेल घालून बसलेले.

नियम साधा होता. कुणी वाईट मनानं लिहिला नव्हता.
ओळखीच्या अक्षरांत परकं अक्षर दिसलं
की पत्र कोठडीत टाका.
चोर असंच करतात.
बँकेच्या नावात एक टिंब सरकवतात
आणि म्हातारी माणसं फसतात.

आइले बाल्तोच्या नावातल्या पहिल्या अक्षरावर
एक तिरकी रेघ आहे.
तिच्या आजोबांना शाळेत ती पुसायला लावली होती,
छडी दाखवून.
आमच्या यंत्राला छडी लागली नाही.

नोकरी स्वीकारल्याचं तिचं पत्र
अकरा दिवस कोठडीत पडून राहिलं.
आम्ही म्हणालो, बघा, बोलावलं तरी येत नाहीत ही माणसं.
(बोलावलं होतं, हे खरं. जाहिरातीत
हसऱ्या चेहऱ्यांचं रंगीत चित्रही होतं.)

बाराव्या दिवशी ती स्वतःच आली.
बुटांवरचा बर्फ दारात झाडत म्हणाली,
नको असेन तर तसं कळवायचं तरी.

पहिला आठवडा तिनं कोठडीच उपसली.
चारशे बारा पत्रं.
काउतोकेइनोहून कुणी पाठवलेली रेनडिअरची मोजदाद,
शाळेच्या सहलीची चिठ्ठी,
एका बाईच्या शस्त्रक्रियेची तारीख, उलटून गेलेली.
हे पत्र तिनं आम्हाला वाचून दाखवलं नाही.
नुसते ओठ हलत होते.
आणि त्याच आठवड्यात
सुरेख, शुद्ध नॉर्वेजियनमधलं एक बिल
आमच्या समोरून नगरपालिकेत शिरलं
आणि तिजोरी धुऊन गेलं.
एकही रेघ वाकडी नव्हती त्यात.

आता नियम तिनं लिहिलाय. लांबलचक आहे,
अपवादांनाही अपवाद आहेत,
तुरगेर रोज कुरकुरतो.
मीही. पण कोठडी उघडून बघायची
आता सवय लागलीये,
आधी आम्हाला तिथे दार आहे हेच माहीत नव्हतं.

मे महिन्यात ओस्लोहून साहेब आले, केक कापला,
‘समावेशक’ हा शब्द पाच वेळा म्हणाले
आणि प्रत्येकाला नाव छापलेला कप दिला.
आइलेच्या कपावर रेघ नव्हती.

ती काही बोलली नाही. काळा मार्कर घेतला,
ओढली.
धुतला की पुसट होते, पुन्हा ओढते.

परवा पहाटे पावणेचारला पाळी संपली.
वर गेलो तर खिडकीत लख्ख ऊन.
सगळ्यांचे कप मी विसळले,
आणि तिचा विसळताना
त्या जागेवर अंगठा दाबून धरला.

अर्धी रेघ तरीही गेली.